ब्रिटनमधील गेम फेअर: एका दिवसाची सहल कशी आखावी

ब्रिटनमध्ये उन्हाळ्याच्या महिन्यांत एखाद्या जुन्या जहागिरीच्या विस्तीर्ण कुरणावर दोन-तीन दिवसांपुरते तंबूंचे गाव उभे राहते, आणि शिकारी कुत्रे, ससाणे, गळाची मासेमारी, नेमबाजी व त्यांभोवतीचे हस्तव्यवसाय ज्यांच्या जगण्याचा भाग आहेत अशी माणसे तेथे एकत्र येतात. या मेळ्याला गेम फेअर म्हणतात. येथे ‘गेम’ म्हणजे खेळ नव्हे, शिकारीचे पशुपक्षी. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे राहणारी मराठी कुटुंबे आणि उन्हाळ्यात मुलांकडे जाणारे आईवडील राजवाडे, संग्रहालये आणि सरोवरे आवडीने पाहतात, पण या मेळ्याकडे सहसा वळत नाहीत. हा मेळा बंदुका बाळगणाऱ्या जमीनदारांचा आहे, तेथे आपले काय काम, असा समज त्यामागे असतो. तो समज खरा नाही. तिकीट काढून कोणालाही आत जाता येते, बंदुकीला हातही न लावता पूर्ण दिवस आनंदात घालवता येतो, आणि तेथील शेती, रान, नद्या आणि त्यांच्या राखणीवर जगणारी माणसे यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे एका ठिकाणी पाहायला मिळते.

मात्र त्यासाठी दिवस विचारपूर्वक आखावा लागतो. अशा मेळ्यात दुकानांच्या रांगाच्या रांगा असतात, आणि आखणी न करता गेलेला माणूस त्या रांगांतच दुपारपर्यंत फिरत राहतो. मग पाय दुखू लागतात आणि ज्यासाठी यावे ते प्रात्यक्षिक नुकतेच संपलेले असते. माझा आग्रह इतकाच आहे, की चार-पाच गोष्टी आधी निवडाव्यात, त्या प्रत्येकीपुढे घाई न करता उभे राहावे, आणि जी व्यक्ती ते काम रोज करते तिला प्रश्न विचारावेत. पुढील सर्व सूचना या आग्रहातूनच आल्या आहेत.

मेळा उन्हाळ्यातच का भरतो, हे आधी समजून घेतले तर तेथील बोलणी कळू लागतात. ग्रेट ब्रिटनमध्ये लाल ग्राऊस पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर, पार्ट्रिजचा १ सप्टेंबर ते १ फेब्रुवारी आणि फेझंटचा १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असा कायद्याने ठरलेला आहे. त्यामुळे जून-जुलै हा या लोकांचा तयारीचा काळ असतो. कुत्र्यांचे शिक्षण चालू असते, पिल्ले वाढवली जात असतात, बंदुका दुरुस्तीला गेलेल्या असतात. ‘द गेम फेअर’ या नावाने ओळखला जाणारा सर्वांत मोठा मेळा १९५८ मध्ये न्यूमार्केटजवळच्या स्टेचवर्थ येथे प्रथम भरला. जमीनमालकांच्या संघटनेने तो २०१५ पर्यंत चालवला आणि त्यानंतर तो दुसऱ्या आयोजकांकडे गेला. त्याला कायमची जागा नाही. अलीकडच्या वर्षांत तो वॉरिकशरमधील रॅगली हॉल येथे अनेकदा आणि २०२४ मध्ये ब्लेनम पॅलेसच्या आवारात भरला. त्याचा नेहमीचा काळ म्हणजे जुलैच्या अखेरचे शुक्रवार, शनिवार आणि रविवार.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी स्कॉटलंडमधील मेळा सुचवीन. जुलैच्या आरंभी पर्थ शहराजवळच्या स्कोन पॅलेसच्या आवारात तो भरत आला आहे. तो आकाराने आटोपशीर आहे, टे नदीच्या काठी आहे, आणि ज्या टेकाडावर स्कॉटलंडच्या राजांचे राज्याभिषेक होत ते मूट हिल त्याच आवारात आहे. घरातील कोणाला कुत्रे-बंदुकांत रस नसेल तर तीही व्यक्ती राजवाडा आणि तेथील जुनी झाडे पाहत दिवस घालवू शकते. डेव्हिड डग्लस या वनस्पतिसंग्राहकाने अमेरिकेतून पाठवलेल्या बियांपासून वाढलेले डग्लस फरचे झाड तेथे आहे, आणि डग्लसने तरुणपणी याच बागेत काम केले होते. ज्यांना बंदूक घडवणाऱ्यांची कला, मोठ्या स्पर्धा आणि भरपूर दालने पाहायची असतील त्यांनी इंग्लंडमधील मोठा मेळा निवडावा. उत्तर आयर्लंडमध्ये अँट्रिमजवळ शेन्स कॅसल येथे होणारा मेळाही जुना आणि नावाजलेला आहे.

तिकीट आगाऊ काढावे, कारण ते प्रवेशद्वारावरच्या दरापेक्षा बहुधा स्वस्त पडते आणि लहान मुलांना पुष्कळदा सवलत असते. शुक्रवारी गर्दी तुलनेने कमी असते आणि कारागिरांना बोलायला सवड असते. शनिवारी स्पर्धा रंगतात पण रांगा लांबतात. रविवारी दुपारनंतर काही दालने आवराआवर करू लागतात. रजा मिळत असेल तर शुक्रवारच निवडावा. अशी ठिकाणे रेल्वेच्या स्थानकाला लागून नसतात, म्हणून मोटारीने जाणार नसल्यास आयोजकांची बस आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.

हवामानाचा प्रश्न येथे गंभीर आहे. मेळा आणि त्याचा वाहनतळ दोन्ही गवताच्या शेतांवर असतात, आणि फार पाऊस झाला तर जमीन वाहनांचे वजन पेलत नाही. इंग्लंडचा मोठा मेळा २००७ मध्ये हेअरवूड येथे आणि २०१२ मध्ये बीव्हर कॅसल येथे याच कारणाने रद्द करावा लागला होता. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी आयोजकांची सूचना पाहूनच घराबाहेर पडावे. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट किंवा पाणी न शिरणारे, आधी वापरून सैल झालेले बूट असावेत. त्या दिवशी पाच-सहा मैल चालणे सहज होते. साडी किंवा पायघोळ पोशाख ओल्या गवतात त्रासदायक ठरतो. तेथील नेहमीचे लोक ट्वीडचे कोट आणि मेणकापडाची जाकिटे घालतात, परंतु पाहुण्याकडून तशी अपेक्षा नसते. हलका रेनकोट, एक स्वेटर, टोपी आणि उन्हापासून बचावाचे मलम एवढे पुरते. छत्री मात्र गाडीतच ठेवावी, कारण रिंगणाच्या कडेला ती मागच्यांची दृष्टी अडवते आणि एकदम उघडली तर हवेत असलेला ससाणा बिचकतो.

आत शिरताच कार्यक्रमपत्रिका आणि नकाशा घ्यावा आणि बाजूला बसून दहा मिनिटे वाचावा. मुख्य रिंगण, कुत्र्यांचे मैदान, मासेमारीचा भाग आणि नेमबाजीची रांग ही चार ठिकाणे नकाशावर खुणावून त्यांच्या वेळा लिहून काढाव्यात. ज्या गोष्टी स्वतः करून पाहायच्या असतात, म्हणजे नेमबाजी, गळ टाकणे किंवा तिरंदाजी, त्या सकाळीच उरकाव्यात, कारण दुपारी रांगा लागतात. खरेदी शेवटी करावी. विकत घेतलेली जड वस्तू दिवसभर कोणी का वागवावी? मोबाइलचे जाळे गर्दीत साथ देत नाही, त्यामुळे चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ते ठरवून ठेवावे आणि लहान मुलाच्या मनगटावर आपला फोन क्रमांक लिहिलेली पट्टी बांधावी.

कुत्र्यांचे मैदान

निवडायला एकच गोष्ट असती तर मी ही निवडली असती. गनडॉग म्हणजे बंदुकीबरोबर काम करणारे कुत्रे. त्यांत रिट्रीव्हर मारलेला पक्षी शोधून आणतात, स्पॅनियल झुडपांत शिरून पक्षी उठवतात, पॉइंटर आणि सेटर पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी खिळून उभे राहतात, आणि युरोप खंडातून आलेल्या काही जाती ही तिन्ही कामे करतात. मेळ्यात पक्षी मारले जात नाहीत. त्यांच्या जागी कापडाने मढवलेली, हिरवट रंगाची ‘डमी’ वापरतात. लॅब्राडोर आपल्याकडे घराघरांत आहे, परंतु तो मुळात ज्या कामासाठी घडवला गेला ते काम करताना त्याला पाहणे हा निराळाच अनुभव आहे.

पाहताना लक्ष डमीवर नव्हे, कुत्र्यावर ठेवावे. डमी हवेतून येऊन पडते, बंदुकीचा आवाज होतो, शेजारचा कुत्रा धावत सुटतो, आणि आपली पाळी नसलेला कुत्रा मालकाच्या डाव्या पायाशी न हलता बसून राहतो. जाणकार परीक्षक या स्थिरतेला फार मोल देतात. त्यानंतर डमी पडताना कुत्र्याने पाहिलेली आहे की नाही, याकडे लक्ष द्यावे. पाहिलेली असेल तर तो स्मरणशक्तीवर जातो. पाहिलेली नसेल तर मालक त्याला दूरवरून हाताच्या इशाऱ्यांनी आणि शिट्टीने नेतो: एक लांब शिट्टी वाजली की कुत्रा धावता धावता थांबतो, वळून बसतो आणि मालकाच्या हाताकडे पाहतो, हात उजवीकडे झाला की उजवीकडे जातो, तुटक लहान शिट्ट्या ऐकल्या की परत येतो. शंभर-दीडशे मीटरवर चाललेला हा संवाद समजू लागला, की एरवी सारख्याच दिसणाऱ्या दोन कुत्र्यांमधला फरक दिसू लागतो. शेवटी डमी हातात देतानाचा क्षण पाहावा. कुत्र्याने ती चावलेली नसावी, खाली टाकलेली नसावी, मान वर करून तळहातावर द्यावी. पक्षी खाण्याजोगा राहावा यासाठी हे ‘मऊ तोंड’ लागते.

अधिकृत स्पर्धांच्या जोडीने बहुतेक मेळ्यांत ‘स्करी’ नावाची हलकीफुलकी शर्यत असते. थोडे शुल्क भरून कोणीही आपला कुत्रा त्यात उतरवू शकतो. ठरलेल्या डमी कमीत कमी वेळात आणायच्या असतात. तिकडे राहणाऱ्या ज्या मराठी घरांत लॅब्राडोर किंवा कॉकर स्पॅनियल असेल त्यांनी अवश्य भाग घ्यावा. स्वतःचा कुत्रा नेल्यास तो पूर्ण वेळ पट्ट्याला असावा, आणि गोळीच्या आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्याला नेऊच नये. त्याला मोटारीत कोंडून ठेवण्याचा विचारही करू नये: ढगाळ दिवशीही बंद गाडी थोड्याच वेळात इतकी तापते, की कुत्रा दगावू शकतो.

ससाणे, गळ आणि बंदूक

ससाण्यांचे प्रात्यक्षिक मुख्य रिंगणात होते आणि ते पाहण्यासाठी वीस मिनिटे आधी जागा धरावी. बहिरी ससाणा उंचावरून झेपावतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरपेक्षा अधिक होऊ शकतो. रिंगणात तो दोरीला बांधलेल्या, गरगर फिरवलेल्या आमिषामागे पुन्हा पुन्हा झेप घेतो आणि प्रत्येक वेळी पाळणारा ते शेवटच्या क्षणी काढून घेतो. अमेरिकेतून आलेला हॅरिस हॉक निसर्गातच गटाने शिकार करणारा असल्याने माणसाशी लवकर जुळवून घेतो, आणि प्रेक्षकांच्या डोक्यांवरून तोच बहुधा उडवला जातो. प्रात्यक्षिक संपल्यावर पक्षी ठेवलेल्या तंबूकडे जावे आणि पक्ष्याचे वजन कसे सांभाळता, हा प्रश्न विचारावा. पाळणारे आपल्या पक्ष्याला रोज तोलतात. पोट भरलेला पक्षी आमिषाकडे येत नाही, अशक्त पक्ष्याला उडवता येत नाही, आणि या दोन टोकांमधले काही ग्रॅमचे अंतर ओळखणे हीच या विद्येची मुख्य परीक्षा आहे. उष्ण दिवशी वर चढणाऱ्या हवेवर पक्षी तरंगत दूर निघून जाऊ शकतो, म्हणून त्याच्या अंगावर ठावठिकाणा कळवणारा छोटा प्रेषक लावलेला असतो.

मासेमारीच्या भागात मासळीपेक्षा कृत्रिम माशी, म्हणजे गळावर बांधलेले कीटकासारखे आमिष, महत्त्वाची असते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला जवळजवळ वजनच नसते. जड असते ती दोरी, आणि तिलाच मागेपुढे झुलवून ती माशी पाण्यावर अलगद उतरवायची असते. नवशिक्या माणूस जोर लावतो आणि दोरी त्याच्याच पायाशी कोसळते. शिक्षक सांगतो तसे मागच्या झोक्यानंतर क्षणभर थांबून दोरी पाठीमागे सरळ होऊ दिली, की पुढचा झोका आपोआप नीट जातो. सरावासाठी गळाच्या जागी लोकरीचा गोंडा बांधलेला असतो, तरीही टोपी आणि चष्मा घालावा. शेजारीच पिसे, केस आणि धागा घेऊन गळावर माशा बांधणारे कारागीर बसलेले असतात. मुले तेथे रमतात, आणि कित्येकदा त्यांना स्वतः एक बांधून पाहता येते. स्कोनला गेलात तर लक्षात असू द्यावे, की याच टे नदीत ऑक्टोबर १९२२ मध्ये जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने ६४ पौंडांचा सॅमन मासा पकडला आणि गळाने पकडलेल्या सॅमनचा तो ब्रिटिश विक्रम अजून अबाधित आहे. हा छंद पुढे चालवायचा असेल तर इंग्लंडमध्ये १३ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स, म्हणजे मासेमारीचा परवाना, लागतो. स्कॉटलंडमध्ये बहुतेक नद्यांवर तसा परवाना नाही, पण नदीच्या मालकाची परवानगी घ्यावीच लागते.

नेमबाजीबद्दल आपल्याकडच्या वाचकांच्या मनात सर्वांत जास्त शंका असतात. ब्रिटनमध्ये शॉटगन बाळगण्यासाठी पोलिसांचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तथापि १९६८ च्या शस्त्र कायद्यातील एका तरतुदीनुसार पोलिसांनी मान्य केलेल्या ठिकाणी आणि वेळी कृत्रिम लक्ष्यांवर नेम धरण्यासाठी पाहुण्याला प्रमाणपत्राची गरज नसते. या आधारावर मेळ्यातील ‘करून पाहा’ रांग चालते. ज्यांना पूर्वी तुरुंगवासाची शिक्षा झाली आहे अशा काही व्यक्तींना मात्र ही सवलत नाही. लक्ष्य म्हणजे १०८ मिलिमीटर व्यासाची, चुनखडी आणि डांबरासारख्या पदार्थाची चकती, जी यंत्राने हवेत फेकली जाते. शिक्षक कान झाकण्याची साधने आणि चष्मा देतो, बंदुकीचा दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवतो आणि गाल त्यावर टेकवायला लावतो. सैल धरलेली बंदूक खांद्याला चांगलाच दणका देते. नजर नळीवर न ठेवता चकतीवर ठेवावी, चकतीच्या मागून बंदूक फिरवत आणून तिच्या थोडे पुढे जाताना चाप ओढावा आणि ओढल्यानंतरही फिरवणे थांबवू नये. हातात बंदूक असताना फोटोसाठी मागे वळू नये. ही चूक क्षणात घडते, आणि शिक्षक तेथेच काम थांबवतो. मुलांसाठी वयाची अट ठिकाणानुसार वेगळी असते. ती विचारून घ्यावी.

टेरियर कुत्र्यांच्या शर्यती, पाइपांतून धावणारे फेरेट, चिंधीमागे सुटणारे लर्चर नावाचे वेगवान कुत्रे हे सारे मुलांना हसवणारे आणि थोडक्यात आटोपणारे आहे. फेरेट हा मुंगसाच्या बांध्याचा पाळीव प्राणी आहे, आणि त्याला सशांच्या बिळात सोडून बाहेर जाळी लावण्याची रीत फार जुनी आहे. त्याला हात लावण्यापूर्वी मालकाला विचारावे, कारण तो चावतो.

जे पटत नाही त्याविषयी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा ठरला, आणि आपल्यापैकी पुष्कळांना केवळ छंद म्हणून पक्षी मारणे मान्य नाही. मलाही त्यातील काही गोष्टी पटत नाहीत. तरीही मेळ्याला जावे असे मी म्हणतो, कारण येथे प्रश्न विचारायला माणसे समोर असतात. मुख्य रिंगणात फॉक्सहाउंड, म्हणजे कोल्ह्याच्या शिकारीसाठी जोपासलेल्या कुत्र्यांचा ताफा येतो आणि मुलांना त्यांच्यात सोडले जाते. त्या वेळी हे ठाऊक असावे, की कुत्र्यांनी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर स्कॉटलंडमध्ये २००२ च्या कायद्याने आणि इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी २००५ पासून बंदी आली, ताफे त्यानंतर आखून दिलेल्या वासामागे धावू लागले, आणि त्या आडून खरी शिकार चालते का, हा वाद तेथील राजकारणात धगधगत राहिला. ताफ्याच्या माणसाला याविषयी सभ्यपणे विचारता येते, आणि तो उत्तर देतो.

त्याहून अधिक शिकायला मिळते ते गेमकीपरकडून. हा माणूस जहागिरीवरचे पक्षी राखतो, कोल्हे आणि कावळ्यांवर नियंत्रण ठेवतो, माळावरची हेदर नावाची झुडपे टप्प्याटप्प्याने जाळतो. ग्राऊसच्या माळांवर शिकारी पक्ष्यांना बेकायदा मारले जाते, अशी तक्रार पक्षिप्रेमी अनेक वर्षे करीत आले आणि स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्याने ग्राऊसच्या शिकारीसाठी परवाना सक्तीचा केला. या परवान्याने तुमच्या कामात काय बदलले, असे त्याला विचारावे. दुसरी बाजूही ऐकावी. गेम अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट या संस्थेच्या दालनात ग्रे पार्ट्रिजची हकीगत समजून घेण्यासारखी आहे: १९६० च्या दशकानंतर ब्रिटनमधील या पक्ष्याची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली, आणि ससेक्समध्ये १९६८ पासून चाललेल्या अभ्यासातून असे दिसले, की तणनाशकांनी शेतातले तण संपले, तणाबरोबर कीटक संपले, आणि पहिल्या काही आठवड्यांत कीटकांवरच जगणारी पिल्ले उपाशी मेली. त्यावर शोधलेला एक उपाय म्हणजे मोठ्या शेताच्या मधोमध गवताचा उंच बांध राखणे, जेथे पिकावरील मावा खाणारे भुंगे हिवाळा काढतात. आपल्याकडे बांध कोरून शेत वाढवण्याची चढाओढ चाललेली असताना, तिकडे बांध नव्याने घातले जात आहेत, ही माहिती शेतीशी नाते असलेल्या मराठी वाचकाला तेथे जाऊन आवर्जून विचारण्याजोगी आहे.

कारागिरांच्या तंबूंत काठ्या बनवणारा शोधावा. हेझल या झाडाची फांदी झाडातला रस उतरलेला असताना हिवाळ्यात तोडतात, वर्षभर किंवा अधिक काळ सुकवतात, मग वाफेने किंवा आचेने सरळ करतात. मेंढ्याचे शिंग तापवून, दाबून मुठीचा आकार देतात. चुना-सिमेंटशिवाय दगडी गडगे रचणारेही असतात, आणि एक दगड निवडायला ते किती वेळ घेतात ते पाहत राहावे. इंग्लंडच्या मेळ्यात बंदूक घडवणाऱ्यांची वेगळी रांग असते. १८१४ मध्ये स्थापन झालेल्या पर्डीसारख्या पेढ्यांची घडण तेथे जवळून पाहता येते. विकत घेणार नसलो तरी लोखंडावरील कोरीव नक्षी आणि अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते पाहायला कोणी हरकत घेत नाही. फक्त परवानगीशिवाय उचलू नये.

खाणे आणि खरेदी

हरणाच्या मांसाचे बर्गर, रानकबुतर, ससा, ‘गेम पाय’ (पिठाच्या कवचात शिकारीचे मांस भरून भाजलेला पदार्थ) हे सर्वत्र मिळतात. फेझंट आणि पार्ट्रिजचा हंगाम बंद असल्याने उन्हाळ्यात त्यांचे मांस गोठवलेलेच असते. जे डुकराचे मांस खात नाहीत त्यांनी विचारल्याशिवाय काही घेऊ नये: हरणाच्या सॉसेजमध्ये पुष्कळदा डुकराची चरबी मिसळलेली असते आणि ‘पाय’च्या पारंपरिक कवचातही तीच असते. शिकार केलेल्या पक्ष्याच्या मांसात छर्रा राहिलेला असू शकतो, म्हणून सावकाश चावावे. छर्रा शिशाचा असल्यास असे मांस वारंवार खाणे टाळावे, विशेषतः लहान मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी, असा तेथील अन्न विभागाचा सल्ला आहे. शाकाहारी व्यक्तींना चीज, पाव, चिप्स आणि केक यांवर दिवस निभावता येतो, परंतु घरून डबा नेणे अधिक समाधानाचे. बहुतेक ठिकाणी त्याला मनाई नसते. पाण्याच्या बाटल्या भरून न्याव्यात.

खरेदीत लोकरीचे मोजे, मेणकापडाच्या टोप्या, रबरी बूट आणि काठ्या या वस्तू खरोखर टिकाऊ मिळतात. चाकू घेताना मात्र कायदा माहीत हवा. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, उघडल्यावर अडकून न बसणारा घडीचा चाकू सोडून इतर चाकू योग्य कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणून घेतलेला चाकू विक्रेत्याकडून बंद करून घ्यावा, पावती ठेवावी आणि थेट घरी न्यावा. हवेच्या बंदुकीसाठी स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरपासून प्रमाणपत्र लागते. शिंगे, कातडी, पिसे किंवा भुसा भरलेले प्राणी भारतात आणण्याच्या विचाराने घेऊ नयेत, कारण वन्यप्राण्यांच्या अवयवांच्या आयातीवर आपल्याकडे कडक निर्बंध आहेत आणि विमानतळावर वस्तू जप्त होऊ शकते. काठी घेतलीत तर मूठ कोणत्या प्राण्याच्या शिंगाची आहे हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि भारतात आणायची असल्यास सर्वस्वी लाकडी मुठीची निवडावी.

परतताना वाहनतळातून बाहेर पडायला बराच वेळ लागतो, कारण शेवटचा कार्यक्रम संपताच सगळेच एकदम निघतात. मुख्य रिंगणातील अखेरच्या प्रात्यक्षिकाच्या अर्धा तास आधी निघावे, किंवा मग तासभर मागे राहून कारागिरांशी बोलत बसावे. गर्दी ओसरल्यावर ते अधिक मोकळेपणाने बोलतात. गाडी कोठे लावली ते सकाळीच टिपून ठेवावे, आणि चिखलात चाक रुतलेच तर इंजिन जोराने फिरवून खड्डा खोल करू नये. ओढून काढण्यासाठी ट्रॅक्टर घेऊन आयोजकांची माणसे उभी असतात. त्यांना हात करावा.